दुमडलेला कोपरा

मी एक जुनी जानमाज आहे. नमाज पढायला जमिनीवर अंथरतात ना, ती. मित्रांनो, दुकानातली मखमली, गोंड्यांची जानमाज तुम्ही पाहिली असेल. मी तशी नाही. शिवऱ्याच्या एका अम्मांनी आपल्या जुन्या लुगड्यांचे थर लावून, गोधडीला घालतात तसे टाके घालून मला शिवलं. लेकाच्या, दस्तगीरच्या लग्नासाठी. ‘लई दिवस टिकंल बघ,’ असं म्हणून त्यांनी मला त्याच्या हातात दिलं.

दस्तगीरचं कापूरहोळला गॅरेज. दुपारी तो जेवायला घरी यायचा, मोरीत वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, पाय धुवायचा, आणि ओल्या पायांनी माझ्यावर उभा राहायचा. कितीही घासलं तरी त्याच्या नखांत ग्रीस राहायचंच. मला त्याचा कधी राग आला नाही. अम्मा गेल्या तेव्हा तो माझ्यावर कपाळ टेकून किती वेळ उठलाच नव्हता. ते सगळं रडणं माझ्यात मुरलं आहे. म्हणूनच पुढं झालं ते मला फार लागलं.

नमाज झाली की जानमाजीचा एक कोपरा दुमडायची आमच्या घरात रीत आहे. कोपरा दुमडलेला दिसला की घरच्यांनी समजायचं, नमाज झाली. याच कोपऱ्यानं माझा घात केला.

घरात नवा मोबाईल आला आणि दस्तगीर मधल्या खोलीचं दार लावून घेऊ लागला. ‘नमाज पढतो,’ म्हणायचा. बाहेर त्याची बायको शमशाद टीव्ही बंद करायची, मुलींना दटावायची, ‘गप बसा गं, अब्बा नमाज पढत्यात.’ आत तो मला अंथरायचा आणि माझ्याकडे पाठ करून पलंगावर बसायचा. मोबाईलवर उघड्यानागड्या बायकांचे व्हिडिओ बघायचा. बघून झालं की त्याचं तोंड उतरायचं. अशा अंगानं नमाजला उभं कसं राहायचं, म्हणून नमाज टाळायचा. मग माझा कोपरा दुमडून बाहेर पडायचा. नमाज न पढता! मित्रांनो, त्यानं मला फाडून गॅरेजात पुसायला नेलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं मला खोटी साक्ष द्यायला लावली, तीही शमशादसमोर. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

एके दुपारी शमशाद मला उचलायला आली. तिचा हात माझ्यावरून फिरला आणि थांबला.

‘आवं, जानमाज कोरडी हाय.’

‘फॅननं वाळली आसंल.’

‘सकाळधरनं लाइट कुठं हाय? दार लावून काय करता हितं?’

दस्तगीरनं मान खाली घातली. ‘बघू न्हाई ते बघतो मोबाईलवर. किती डाव शपथ घेतली, सुटत न्हाई. लाज वाटती म्हणून नमाज सोडली, आन् नमाज सुटली तसा जास्तच गुंतलो.’

शमशाद रडली नाही. ‘तुमी आत हे करत व्हता आन् मी भाईर पोरींना गप बसवत व्हते. अम्मांच्या जानमाजीचा पडदा केला तुमी.’

तिनं विंझरला माहेरी जायची पिशवी भरली. गेली नाही, पण पिशवी पलंगाखाली ठेवली, त्याला दिसेल अशी.

त्याच संध्याकाळी दस्तगीरनं गॅरेजातनं हत्यारं आणून खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. शुक्रवारी भोरला जाऊन मौलानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘घसरलास तर आंघोळ कर आणि परत उभा रहा, पण नमाज सोडू नकोस. आणि डॉक्टरकडेही जा, त्यात लाज कसली?’ तो डॉक्टरकडे जाऊ लागला. मोबाईल गेला, साधा बटणांचा आला. मला वाटलं, सुटला एकदाचा.

कसला सुटतोय! एकदा गॅरेजात दुसऱ्याच्या मोबाईलवर त्यानं पुन्हा पाहिलं. घरी येऊन मला अंथरलं, पण कोपऱ्याला हात लावला नाही. ‘आज पढलो न्हाई,’ तो शमशादला म्हणाला. ‘परत घसरलो.’ ती चुलीकडे गेली. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी खरं सांगत होते.

आता तो उघड्या खोलीत पढतो आणि पढूनही कोपरा तसाच ठेवतो. ‘तू बघ आन् तूच दुमड,’ म्हणतो. शमशाद रोज माझ्यावरून हात फिरवायची आणि कोपरा न दुमडताच निघून जायची. काल तिनं हात फिरवला. पायांच्या जागी मी ओली होते आणि कपाळाच्या जागीही. मग तिनं माझा कोपरा दुमडला. पिशवी अजून पलंगाखालीच आहे.

मित्रांनो, माझाही राग पुरता गेलेला नाही. मला जपायचं तर नुसतं धुऊन, घडी घालून जपू नका. ज्या दिवशी उभं राहणं होणार नाही, त्या दिवशी मला खुंटीवरच असू द्या. मी वाट बघेन. पण मी कोरडी असताना माझा कोपरा दुमडू नका.