शेवंतीचं पहिलं वेत

रघूने पोत्यावर पाचवं पिल्लू ठेवलं. पहिलं बोटाएवढं होतं, शेवटचं वीतभर. सगळी काळपट, सुकलेली. परसालगतच्या खोपटात शेवंती डुकरीण कुशीवर पडून धापा टाकत होती. तिच्या पोटाशी एकच जिवंत पिल्लू लुचत होतं.

पेणहून आलेले डॉक्टर उकिडवे बसून बघत होते.

"बायरून काय आलं का, डागदर?" रघूने विचारलं. " हॉटेलातलं उरलंसुरलं आमी उकळूनच घालतो."

"बाहेरून नाही. पिल्लं पोटातच एका विषाणूने मेली. तुमच्या मोठ्या शेडमधल्या अकराही माद्यांना त्याची लागण होऊन गेली असणार. कुठल्याही फार्मवर जा, असतोच. लहानपणी लागला तर कळतही नाही, मग पुढे बाधत नाही. हिला पोटुशी असताना लागला. ही वेगळी वाढली का?"

रघूने पोत्याची कड पिल्लांवर ओढली. शेवंतीच्या आईने अंगाखाली पिल्लं चिरडली, तेव्हा त्याच्या बायकोने, कृष्णाबाईने, ही एक उचलून पडवीत आणली होती. बाटलीने दूध पाजलं, रोज न्हाऊ घातलं, मोठ्या शेडचा वारा लागू दिला नाही. "डुकरीन हाय का सून?" म्हणून आळी हसायची. नराला दाखवायला नेली, तेव्हाच ती पहिल्यांदा इतरांत गेली.

"म्हंजे... वेगळी ठेवली म्हनून?"

"हो. पुढच्या वेताला भीती नाही. पण लहान माद्या नराकडे न्यायच्या आधी दोन महिने मोठ्यांच्या घाणीत लोळू द्या."

डॉक्टरांची मोटारसायकल वळणाआड गेली. कृष्णाबाई परसात चुलीवरचं पातेलं ढवळत होती.

"काय म्हनला डागदर?"

रघूने पायांवर पाणी ओतलं. मग पुन्हा ओतलं.

"हवेचं हाय म्हने. कुनाच्या हातात नसतं."

"माजं काय चुकलं नाय ना?"

"नाय गो. तू काय करनार?"

ती ढवळत राहिली.

आंबराईत खड्डा बुजवून तो परतला, तेव्हा पडवी रिकामी होती. शेवंतीनंतर तिथे वाढवलेल्या दोन लहान माद्या मोठ्या शेडमध्ये, पोटापर्यंत राड्यात, हुंदडत होत्या. कृष्णाबाई फाटकाला धरून उभी होती. रघू शेजारी येऊन थांबला.

"डागदर लय मोठ्यानं बोलतो," ती म्हणाली.

 तिने फाटकाची कडी घातली.

"शेवंतीला पेज आज तुमीच न्या."