लाल गोंडे

प्रतीक्षाच्या हाती आलं तेव्हा ते चार सीटचं विमान चाळीस वर्षांचं होतं. वर जाऊन सरळ उडतानाही त्याचा वेग पंच्याण्णव नॉटच्या पुढे सरकत नव्हता. महादेवरावांनी ते जुनंच विकत घेतलं होतं, धामणगाव बढेजवळ स्वतःच्या शेतात धावपट्टी काढली होती आणि तिला बजावलं होतं, "शंभराच्या वर ने. नाही तं दुसरा मेकॅनिक पाह्यतो."

तीन आठवडे ती शेडमध्ये राबली. पंखांमागचे लोंबणारे फ्लॅप जागेवर आणले, पंखांच्या फटी बुजवल्या, चाकांवरची कवचं वाऱ्याच्या रेषेत बसवली. आठ महिन्यांची लेक काजल शेजारी लुगड्याच्या झोळीत झोपायची. तिची झोप मोडू नये म्हणून प्रतीक्षा पानासुद्धा चिंधीवर ठेवायची. काल चाचणीत काटा एकशे तीनवर गेला. संध्याकाळी तिने सगळं तपासून नोंदवहीत सही केली.

आज गावासमोर उड्डाण. पायलट प्रेमानंद उतरले ते मान हलवतच. "सत्त्याण्णव."

महादेवराव हसले. "लेकरू सांभाळ बाई. इमान तुह्या हातचं नोहे."

प्रतीक्षाची कानशिलं तापली. ती चाकांपाशी वाकली. दोन्ही कवचांमागे हातभर काळं रबर लोंबत होतं. त्यावर महादेवरावांचं नाव, खाली लाल गोंडे. ट्रॅक्टरच्या मागे असतात तसे.

"हे कोणं लावलं?"

"म्या. सकाळी. काळ्या मातीचा चिखल उडते ना पंखाले."

"मले वाटलं, तुम्हीच लावले," प्रेमानंद तिच्याकडे पाहत पुटपुटले.

"कवचाले भोकं पाडली? मले न इचारता? सही माही हाय, भाऊ! वर काही तुटलं असतं तं यायच्या घरी कोणतं तोंड घेऊन गेली असती मी?" तिने प्रेमानंदांकडे बोट केलं.

"गोंड्यानं काय इमान थांबते वं?" मागून कुणीतरी खिदळलं.

"थांबलं ना! सहा नॉट!"

तिने रबरं उतरवून महादेवरावांच्या पायांपाशी आपटली, भोकं पट्टीने बुजवली, कवचं हलवून पाहिली, पुन्हा सही केली. प्रेमानंद परत वर गेले. उतरले, तेव्हा बोटांनी दाखवलं: एकशे तीन.

"पाह्यलं?" महादेवराव लोकांकडे वळले. "माह्या इमानात दम हाय."

प्रतीक्षाने नोंदवही उघडली. 'मालकाने परस्पर लावलेली रबरं काढली,' असं ठसठशीत लिहून वही त्यांच्यासमोर धरली. "करा सही."

"राहू दे ना वं आता..."

झोळीतून काजल रडली. प्रतीक्षाने वही त्यांच्या हातात कोंबली.

"हलू नका इथून. आधी तिले पाजते. मंग तुम्ही सही करा, अन् मी सगळ्याइले वाचून दाखवते."

महादेवराव उन्हात उभे राहिले, वही धरून.