कागदाची पदकं

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, अमरला फौजेच्या साहेबाचं सोंग घ्यायचं होतं, म्हणून त्याच्या आईने, दामिनीने चकाकत्या कागदाची पदकं कापून त्याच्या सदऱ्यावर लावली. त्याचा बाप साधा शिपाई. अमर पोटात असताना तो कारगिलला गेला आणि तिरंग्यात गुंडाळून परत आला.

"आबाजी, लढाई सायबच जिंकते ना?" लाकडी बैलाला दोरी बांधत अमरने विचारलं.

"लढते शिपाई, नाव सायबाचंच होते, बाबू," दामिनीचे सासरे गोमाजी म्हणाले. "नांगर बैल ओढते, धान मालकाचं होते. बैलाले निदान पोळ्याले तरी ओवाळतेत."

"मंग मी बाबासारखा शिपाईच होतो!" अमर पदकं ओढून काढू लागला.

दामिनीने त्याचा हात धरला. "नाही राजा, तू सायबच राह्य," म्हणत तिने पदकं पुन्हा घट्ट चिकटवली. भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे मात्र तिला बघवेना.