बंद घरातल्या दोन बाटल्या

आकाराम ओव्हरशियरला दारूचं व्यसन नव्हतं, हे त्याचे शत्रूसुद्धा मान्य करत. त्याला नाद होता तो एका पोर्ट वाइनचा, आणि तीही जुनी असेल तरच. बांधकाम खात्यातल्या एका गोऱ्या इंजिनेर साहेबाच्या हाताखाली त्यानं अकरा वर्षं काढली होती. साहेब दौऱ्यावर असला की जेवण उरकून तंबूबाहेर पेला घेऊन बसायचा. एकट्यानं पिणं त्याला रुचायचं नाही, म्हणून समोर आकारामला बसवायचा. गिळू नकोस, आधी जिभेवर फिरव, नाकात वास चढू दे, असं सांगत सांगत त्यानं कुणब्याच्या या पोराची जीभ अशी काही तयार केली, की पुढं पुढं आकाराम डोळे मिटून सांगायचा, ही वीस वर्षांची, ही तिशी ओलांडलेली.

साहेब कायमचा विलायतेला गेला तेव्हा त्यानं आकारामला दोन बाटल्या दिल्या. त्याच्या बाकीच्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यातल्या सहा बाटल्या हंबीरराव इनामदारांनी उचलल्या. इनामदारांची शेती शिरोळला, पण राहणं कोल्हापुराबाहेरच्या मळ्यावर. वाघाच्या शिकारीइतकाच त्यांना या वाइनचाही नाद. बाटल्यांची लेबलं वाळवीनं खाल्लेली होती. कुठली कुठल्या सालातली, हे आता चवीवरूनच ओळखायचं होतं. तेव्हापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा तिघं मळ्यावर जमत: इनामदार, आकाराम आणि मौलाली अत्तार. मौलाली थेंबभरही पीत नसे. तो नुसता वास घ्यायचा. तीन पिढ्या अत्तराच्या धंद्यातलं ते नाक. इनामदार त्याच्या शब्दावर पैज लावायला तयार असत.

शाहू महाराजांना राज्याचा अधिकार मिळून पाच वर्षं झाली होती, आणि कोल्हापुरात गाठीचा ताप शिरला होता. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची आणि चार दिवसांत धडधाकट माणूस जायचा. हुकूम निघाला, पेठा मोकळ्या झाल्या. माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. आकारामही बायको चिमणाबाई आणि दोन पोरींना घेऊन माळावर आला. शहरातल्या दारांना कुलपं लागली, नाक्यांवर पहारे बसले. पहिल्याच महिन्यात मौलालीची बायको मेहरुन्निसा गेली. त्यानंतर तो बोलायचाच कमी झाला.

अशात इनामदारांचा निरोप आला. "रविवारी दुपारी मळ्यावर या. माझ्या उरलेल्या तीन आणि तुझ्या दोन, पाचीच्या पाची एकदम लावू. उद्याचं कुणी बघितलंय?"

आकारामच्या दोन बाटल्या शुक्रवार पेठेतल्या बंद घरात होत्या. माळ्यावर, भाताच्या पिंजरात, वाळल्या काडात पुरून ठेवलेल्या. गुरुवारी तो नाक्यावर गेला. पहाऱ्यावर पिराजी होता, ओळखीचा. "गटार बगायचंय," आकाराम म्हणाला. ओव्हरशियरला कोण अडवणार? पिराजीनं बाजूला होऊन वाट दिली.

गल्ली दिवसाढवळ्या ओस पडली होती. एक माणूस नाही, कुत्रं नाही, चुलीचा धूर नाही. कुणी यायच्या आत काम उरकावं अशा घाईनं त्यानं कुलूप काढलं, शिडी लावली आणि माळ्यावर चढून पिंजरात हात घातला. बाटलीचा गार गळा हाताला लागला. त्यानं ती ओढली तशी तिच्याबरोबर पिंजराचा पुंजका निसटला आणि त्यातून काहीतरी मऊ, जड असं त्याच्या उघड्या पावलावर पडलं.

उंदीर होता. मेलेला. आणि त्याच्या मागं पिंजरात आणखी दोन.

आकाराम शिडीवरून उतरला की पडला, हे त्याला नंतर आठवेना. आठवलं ते एवढंच, की बाटल्या मात्र त्यानं सोडल्या नव्हत्या. परड्यातल्या आडावर पाय धुतले, राखेनं घासले, पुन्हा धुतले. बाटल्या पोत्यात गुंडाळून तो माळावर आला आणि ते पोतं त्यानं झोपडीत न नेता बाहेर दगडांच्या आड ठेवलं. चिमणाबाईला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी बरा होता. शनिवारी बरा होता. दिवसातून वीसदा आडोशाला जाऊन तो काखा चाचपायचा. धाकटी पोर गळ्यात पडायला आली की काहीतरी निमित्त काढून उठायचा. रविवारी सकाळी डोकं जड झालं. उन्हाचं असंल, त्यानं स्वतःला सांगितलं. घरी पडून राहिलो तर बायको कपाळाला हात लावून बघेल, या भीतीनं तो पोतं उचलून मळ्यावर निघाला.

इनामदारांनी आंब्याखाली टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, पाच पाच पेले. घराच्या मागल्या बाजूला त्यांची नातवंडं झोपाळ्यावर खेळत होती. कड्यांची करकर आणि पोरांचा कालवा इथवर ऐकू येत होता. इनामदार खुशीत होते. त्यांनी पहिल्या बाटलीचं बूच तुकडे न होऊ देता काढलं, तळाचा गाळ वर येऊ नये म्हणून मलमलीच्या फडक्यातून वाइन हळूहळू गाळली. मौलालीनं पेल्यावर नाक नेलं.

"मनुका," तो म्हणाला. "काळी मनुका. आन् मागनं जुन्या चामड्याचा वास."

"हां, आता आकाराम."

आकारामनं घोट घेतला, जिभेवर फिरवला. काहीच लागलं नाही. गोड नाही, तुरट नाही. कोमट पाणी तोंडात धरावं तसं. त्याला वाटलं, बाटली उतरली असेल. पण समोर इनामदार डोळे मिटून जीभ टाळ्याला लावत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुख पसरत होतं.

"बोल की."

"दुसरी बगू आदी," आकाराम म्हणाला.

दुसरी बाटली उघडली. मौलालीनं अक्रोड सांगितला, काकवी सांगितली. आकारामला तीही पाणीच. त्यानं नकळत जीभ दातांखाली धरून चावली. दुखलं, पण तेही लांबून दुखल्यासारखं. पाठीवरून घामाचा ओघळ गेला आणि लगेच थंडी वाजली. या जिभेनं हयातीत त्याला कधी फसवलं नव्हतं. तापानं तोंडाची चव जाते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या मनात गुरुवारपासून जे दाराशी उभं होतं ते आता आत आलं.

"रंग इटकरी झालाय," तो पेला उन्हात धरून म्हणाला. "म्हंजे हीच थोरली. पस्तीसच्या म्होरं."

"म्हटलं नव्हतं?" इनामदार हसले. "माझंही तेच मत. तिसरी मागनं बघू. आता तुझ्या काढ."

आकारामनं पोतं उलगडलं. बाटल्या त्यानं पुसल्या होत्या, पण बुचावरच्या लाखेत पिंजराच्या दोन काड्या रुतून राहिल्या होत्या. मौलालीनं बाटली घेतली. बूच काढायच्या आधी गळ्याचा वास घ्यायची त्याला सवयच होती. त्यानं नाक नेलं आणि तो तसाच थांबला. मग बाटली सावकाश टेबलावर ठेवली.

"आकाराम, ही कुठनं आणलीस?"

"सायबानं दिल्याली की."

"त्ये न्हवं. आता कुठनं आणलीस?"

"झोपडीतच हुती."

मौलाली त्याच्याकडं बघत राहिला. मेहरुन्निसा आजारी पडायच्या आधी आठ दिवस त्याच्या घरात असाच वास येत होता. पेटीतली सगळी अत्तरं शिंपडूनही तो गेला नव्हता, हे त्यानंच एकदा आकारामला सांगितलं होतं.

"बरं," मौलाली म्हणाला.

ते 'बरं' आकारामला शिवीपेक्षा लागलं. इनामदारांचं या दोघांकडं लक्षच नव्हतं. त्यांनी बूच काढलं, वाइन ओतली, पेला ओठाजवळ नेला. मागं झोपाळ्यावर कुणीतरी पोर खदाखदा हसलं. आकारामनं पुढं झुकून इनामदारांचं मनगट धरलं.

"पिऊ नगा, इनामदार."

"का रं?" इनामदार म्हणाले. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा आवाज बदलला. "तुझा हात का असा भाजतोय?"

मग आकारामनं सगळं सांगितलं. शुक्रवार पेठ, पिंजर, पावलावर पडलेला उंदीर, सकाळपासूनचं डोकं, दोन्ही पेल्यांना न लागलेली चव. सांगताना तो कुणाकडं बघत नव्हता.

दोन वाघ पायी मारलेला तो माणूस खुर्ची पाडून मागं सरला, तो थेट आंब्याच्या बुंध्याला टेकेपर्यंत. धोतराच्या सोग्यानं मनगट पुसू लागला. पुसून भागेना तेव्हा त्यानं टेबलावरची हाताला लागेल ती बाटली उचलली आणि हातावर रिकामी केली. पस्तीस वर्षांची वाइन कोपरावरून मातीत गळत होती आणि इनामदार मनगट चोळत होते.

"जा इथनं," ते म्हणाले. "आत पोरं हायत माझी. जा, आकाराम. तुज्या पाया पडतो, पण जा."

आकाराम उठला. त्याला एकच दिसत होतं: झोपडी, चिमणाबाई, दोघी पोरी. एकदा त्यांना बघावं, मग काय व्हायचं ते होऊ दे. तो बांधावरून माळाच्या दिशेनं चालू लागला. मौलाली त्याच्या मागून आला आणि आडवा आला.

"तिकडं न्हाय."

"सोड मला. पोरीस्नी बगून येतो."

"मी बी असंच म्हटलंतं. मेहरुन्निसाला दवाखान्यात न्हेली न्हाय, घरातच ठिवली. तिच्यामागनं माजी भन गेली." मौलालीनं त्याचा दंड धरला. "माज्या गाडीत बस."

"तू नगं हात लावूस."

"बस म्हंतोय न्हवं."

दवाखाना म्हणजे शहराबाहेर तट्ट्यांच्या लांबच लांब छपऱ्या. तिथं गेलेलं माणूस परत येत नाही, असं सगळं कोल्हापूर म्हणत होतं. बैलगाडीत आडवं पडल्या पडल्या आकारामनं चाकांचा आवाज ऐकला आणि आपल्याला तिरडीवरूनच नेताहेत असं त्याला वाटत राहिलं. उतरताना जांघेत कळ आली. हात लावायची हिंमत झाली नाही. डॉक्टरनंच बघितलं आणि शेजारच्याला काहीतरी इंग्रजीत सांगितलं. अकरा वर्षं साहेबाबरोबर काढलेल्या आकारामला ते समजलं. न समजतं तर बरं, असं वाटलं.

पुढच्या दिवसांचा त्याला नीट हिशेब लागला नाही. शेजारची खाट रिकामी व्हायची, भरायची, पुन्हा रिकामी व्हायची. नाडी बसू नये म्हणून डॉक्टर सगळ्यांना चमचा चमचा पोर्ट वाइन पाजायचा, स्वस्तातली, औषधाची. पहिल्या चमच्याला आकारामनं दात घट्ट मिटले. त्याला तोंडावर पिंजर धरल्यासारखं वाटलं. मग दोघांनी जबडा धरून ती पाजली. सातव्या की आठव्या दिवशी गाठ फुटली, आणि ताप उतरला.

शुद्धीवर आला तेव्हा कळलं, की मळ्यावर कुणालाही काही झालं नाही. माळावरच्या झोपडीतही नाही. मौलालीला तेवढे दिवस वेगळं ठेवलं होतं; तोही धडधाकट होता. आकाराम तोंडावर घोंगडं ओढून रडला.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडं चिमणाबाई उभी राहिली. पहारेकऱ्यानं तिला वीस हात लांब थांबवलं होतं. तिनं त्याला डोळे भरून बघितलं. मग विचारलं, "घरात कशापायी गेलतासा?"

रोगाला भ्याला नव्हता इतका तो या प्रश्नाला भ्याला. खोटं सांगता आलं असतं. पेठेत गेल्याचं तिला पिराजीकडनं कळलं असणार; पण बाटल्यांचं मौलालीनं तिला सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"बाटल्या आणाय," तो म्हणाला.

"मी देवाचं टाक आणा म्हटलं," ती म्हणाली. "देव घरात एकटं हायत, जोतिबा कोपंल म्हटलं. दोनदा पाया पडले तुमच्या. सरकारचा हुकूम मोडाय न्हाय यायचा म्हंलासा तुमी मला."

आकारामनं मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा ती पाठमोरी चालू लागली होती.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आकाराम उजाडल्यापासून कुंपणाकडं तोंड करून बसायचा. ताप नव्हता, गाठ भरत आली होती, आणि तरी तिथं आल्यापासून एवढी भीती त्याला वाटली नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी ती आली. धाकटी कडेवर होती, थोरली पदराला धरून. बापाचं सुकून गेलेलं तोंड बघून धाकटीनं आईच्या मानेत डोकं खुपसलं.

"भितीया," चिमणाबाई म्हणाली. तिनं भाकरीचं फडकं पहारेकऱ्याच्या हातात दिलं. "आता रोज आणीन हिला. बगून बगून सवय हुईल."