बारा कलमं आणि एक बाटली शाई

माझा मोठा भाऊ हातात सिरिंज घेऊन बसला की मला त्याचं तोंड पाहवत नाही. प्रिंटरची नवी कार्ट्रिज महाग म्हणून रोपवाटिकेच्या ऑफिसात वर्तमानपत्र अंथरून तो जुन्याच कार्ट्रिजच्या पोटात शाई भरतो, आणि आव असा की जणू हृदयाचं ऑपरेशन चाललंय. टेबलावर डाग, खिडकीवर डाग, चहाच्या कपाच्या कानावरही डाग. "बघ, नव्यासारखी झाली," असं तो दर वेळी म्हणतो. दात कोरून पोट भरत नाही, असं मी दर वेळी म्हणते.

बाबांच्या मागे रोपवाटिका आम्ही दोघं चालवतो. विक्री त्याची, कलमं माझी. कुंडीत खोचायच्या प्लास्टिकच्या पट्टीवर मी पेन्सिलीनं जातीचं नाव लिहिते. बाबाही तसंच लिहायचे, कारण पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. दादाला ते गावंढळ वाटतं. गिऱ्हाइकाला छापील लेबल हवं, म्हणे.

त्या मोसमात साडेतीनशे गुलाब विक्रीला तयार होत होते आणि त्यांत बारा माझे होते. माझे म्हणजे मी स्वतः बी धरून काढलेल्या जातीचे. सहा वर्षं शेकडो रोपं वाढवली, उपटून फेकली, तेव्हा कुठे एक हाती लागलं. फिकट पिवळं फूल, पाकळीच्या कडेला धुरकट जांभळी रेघ. पुढे ते झाड मुळं कुजून गेलं. जाण्याआधी त्याच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, काढून मी ही बारा कलमं बांधली होती. तो गुलाब जगात तेवढाच उरला होता. नाव सुचलं नव्हतं, म्हणून पट्टीवर नुसतं 'माझा' लिहिलं होतं.

दादानं लेबलं छापली तेव्हा मी एकावर ओलं बोट फिरवून दाखवलं. अक्षर फरफटलं.

"दादा, ही स्वस्तातली शाई पाण्यात विरघळते. आधीची अशी नव्हती."

"वाळू दे की. शाई ती शाई."

"माझ्या पट्ट्यांना हात लावू नकोस."

"बरं बाई."

चार दिवस बहिणीकडे राहून परत आले, तर साडेतीनशे कुंड्यांवर साडेतीनशे कोरी लेबलं आणि त्यांखाली काळे ओघळ. कुंड्याही त्यानं उंचीप्रमाणे नव्यानं लावल्या होत्या. माझ्या पट्ट्या एका बादलीत कोंबलेल्या. "दोन-दोन नावं बरी दिसत नाहीत," तो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पानावरून जात ओळखता येत नव्हती. शेवटी मी म्हटलं, "पाच आठवडे थांब. फुलं आली की मी ओळखते. तोवर एकही कुंडी विकायची नाही."

त्यानं मान डोलावली. लक्ष सिरिंजमध्ये होतं.

चौथ्या आठवड्यात मी खत आणायला गेले. परत आले तर रांगेच्या जागी जमिनीवर कुंड्यांचे ओले गोल होते.

"एकाच माणसानं सगळी उचलली, मिश्र रंग म्हणून," दादा खुशीत होता. "बिननावाची रोपं एरवी कोण घेतंय?"

"कोण माणूस?"

"टेम्पो घेऊन आला होता."

"त्याचं नाव? फोन? बिल फाडलंस ना?"

दादानं प्रिंटरकडे पाहिलं. "रोख दिले त्यानं. मग बिलासाठी उगाच शाई कशाला घालवायची?"

रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. मी बादली ओतली, चिखलातून बारा पट्ट्या शोधून काढल्या, नळाखाली धुतल्या आणि त्याच्या वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडल्या. माझा, माझा, माझा. एकही अक्षर पुसलं नव्हतं. दादानं एक पट्टी उचलली आणि तिच्यावर अंगठा घासून पाहिला.

"यांचा आता काय उपयोग?" तो म्हणाला.

"वाटणी करू या, दादा. कागद मी बाहेरून छापून आणते. मला ते टिकायला हवेत."

तो हातातली पट्टी उलटसुलट करत राहिला. वाटलं, आता तरी माझ्याकडे बघेल, एखादा शब्द बोलेल.

"बाहेर एका पानाचे किती घेतात, ठाऊक आहे का तुला?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या हातातली पट्टी घेतली, बाकीच्या अकरा गोळा केल्या आणि छापखाना बंद व्हायच्या आत निघाले.