देवळीतला जालोरी

मी एक ग्रॅनाईट बोलतोय. चाळीसगावात ग्रॅनाईट म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, एवढंच लोकांना ठाऊक, म्हणून नीट ओळख करून देतो. राजस्थानात जालोरकडे पृथ्वीचं कवच ताणलं जाऊन पातळ झालं, खालची उष्णता वर चढली आणि तळचे खडक वितळले. तो रस थिजला, तोच मी. वय सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षं. इथला काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे कालचं पोर. पण तोरा बघा त्याचा!

अशा खानदानी दगडाची माणसांनी काय केली, तर पायरी. ट्रकमध्ये तिचा कोपरा तुटला, तो कोपरा म्हणजे मी, आणि फरशीवाल्याच्या दुकानामागच्या ढिगात येऊन पडलो.

तिथून मला उचललं भागाबाईने. ती कन्हैयालालनानांच्या कापडदुकानात वीस वर्षं झाडलोट करते. नानांची आई लग्न होऊन आली तेव्हा माहेरची आठवण म्हणून जालोरच्या डोंगरातला गुलाबी दगड ओढणीला बांधून घेऊन आली होती. दुकानाच्या देवळीत त्याची रोज पूजा व्हायची. नाना डोळ्याच्या ऑपरेशनला जळगावला गेले आणि इकडे नवी फरशी बसवताना मिस्त्रीने देवळीही साफ केली. मलब्याबरोबर दगड ट्रॅक्टरमधून गेला, कुठे पडला कोण जाणे. देवळी नाना भागाबाईच्या भरवशावर सोडून गेले होते, तिच्या तोंडचं पाणी पळालं. रंग बघून तिने मला आणलं, गुळगुळीत बाजू भिंतीकडे केली आणि वरून शेंदूर थापला. झालो की मी देव!

नाना परत आले आणि माझ्यावर डोकं टेकवून रडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे नातू मननने थट्टेत विचारलं, हा जालोरचाच कशावरून? ते नानांना फार लागलं. नात प्रियल भूगर्भशास्त्र शिकते. तिला म्हणाले, माझे डोळे मिटायच्या आत खात्री करून दे. आता वय विचारायची यांची रीत ऐका. आधी टवका काढतात, मग त्याचा चुरा करतात, त्यातून झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण वेचतात आणि युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजतात. अहवाल येईपर्यंत भागाबाईला घास गिळवेना.

अहवाल आला. पंचाहत्तर कोटी. पोटॅश, फ्लोरिन भरपूर, पाणी कमी, कवच ताणल्यावर होतो तसलाच. जालोरच्या ग्रॅनाईटशी बरोब्बर जुळणारा. मननने कान पकडले. नाना गल्लीभर पेढे वाटत सुटले.

सगळे पांगल्यावर भागाबाई माझ्यासमोर उभी राहिली. "तू खरोखर तठलाच शे का रे?" असं विचारून तिने हात जोडले.

आहे बाई, तिथलाच आहे. गाव खरं, वय खरं. पण नानांच्या आईचा हात मला कधी लागलेला नाही, आणि हे कुठल्या यंत्रात दिसत नाही. नाना रोज सकाळी माझ्यावर हात फिरवून हळूच "माँ" म्हणतात. दुकानात आलात तर कापड बघा, चहा घ्या. एवढं मात्र त्यांच्या कानावर घालू नका.