पहिल्या जोड्याचा मान

आमच्या गावाला बदला घ्यायचा होता. माझा भागवत मारला त्याचा. मे महिन्यात सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या, त्यात माझं फौजी लेकरू गेलं. पेटी आली ती सील लावून, उघडू दिली न्हाई.

चौदाव्या दिवसानंतर आबासाहेब आले. आमचे माजी सरपंच. दारातलं कुत्रं हाकलायला ह्यांना गडी लागतो. म्हणले, "मालनआक्का, गाव पेटून उठलंय. दुश्मनाला आमी सोडत नसतो."

"कधी निघायलात?" मी विचारलं.

"कुठं?"

"सरहद्दीवर."

तर खाली बघून चहा फुंकायला लागले. चहा केव्हाच गार झाला होता.

मग हळूच म्हणले, रविवारी पारावर सभा हाय, दुश्मनाच्या पुतळ्याला जोडे मारायचेत. भागवतची वर्दी द्या, हार घालून मान देऊ.

वर्दी घरात एकच होती. मागल्या सुट्टीला पालमहून येष्टीनं आला तवाची, अंगावरची. गुडघ्याला फाटली होती. हिरवा दोरा घरात नव्हता, म्हणून मी लाल दोऱ्यानं शिवली. "आई, पलटणीत हसतेत की मला," म्हणला आणि इथंच सोडून गेला. ती मी धुतली न्हाई. कॉलरीला त्याच्या घामाचा डाग होता. पेटीत काय होतं देव जाणे, माझ्यापाशी त्याचं तेवढंच राहिलं होतं.

द्यायला नको होती. पण हार घालणार म्हणल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? फक्त धुऊ नका म्हणून सांगितलं.

रविवारी वेशीपासून मिरवणूक निघाली. पुढं आबासाहेबांचा पुतण्या नागेश, मोबाईलवर सगळं काढत. भरतीला जायच्या दिवशी पोटात कळ आली म्हणून अंथरूण धरणारा हाच तो वाघ. मागं बैलगाडीत दुश्मनाचा पुतळा, भुसकट भरलेला, डोक्याच्या जागी मडकं, मडक्याला ह्या एवढ्या मिशा. येईल तो जोडा हाणायलाय, कुणी शेण फेकायलाय. भुसकटावर काय ती मर्दुमकी! मडक्याला हात असते तर निम्मं गाव पळालं असतं.

गाडी पाराशी आली. आबासाहेबांनी माझ्या हातात जोडा दिला. "पहिल्या जोड्याचा मान आईचा. वाटेत पोरांनी हाणले ते धरू नका."

मी जोडा उगारला. मारणारच होते. पोटात लय आग होती, समोर दुश्मन म्हणून जे उभं केलं होतं त्याचं भुसकट भुसकट करावं वाटत होतं. तेवढ्यात गुडघ्यावर नजर गेली. लाल दोरा.

उगारलेला हात मी खाली घेतला. "आबासाहेब, हे कपडे कुणाचे हायत?"

"आता आक्का, दुश्मनाची वर्दी इकडं कुठं मिळायली? फौजी कपडे गावात तुमच्याच घरी. हार पुतळा जाळल्यावर फोटोला घालू की. लांबून कुणाला कळायलंय?"

"जाळायला निघालात? मग तुमचा सफारी घालायचा होता ह्याला."

"सफारी?" ते दचकून स्वतःच्या छातीकडं बघायला लागले. "नवा हाय तो."

मी जोडा त्यांच्या पायाशी टाकला आणि गाडीवर चढले. एकेक गुंडी सोडली. लहानपणी झोपेतल्या भागवतचा सदरा काढायची, तसा हळू काढला, मग विजारबी. भुसकट खाली पडलं. नागेशनं मोबाईल खिशात घातला. इतका वेळ गरजणारे मेले खाली वाकून आपापले जोडे हुडकायला लागले.

"आता मारा," मी म्हणलं, "कुणाला मारायचं त्याला." आणि घरी आले.

घरी वर्दी पसरून बघितली. छातीवर शेण, जोड्यांचे ठसे, एकावर एक. गावाचे जोडे लेकराच्या छातीवर तसेच ठेवून मी झोपू कशी? बादली भरली, साबण लावला, घासघास घासली. शेण गेलं, ठसे गेले. कॉलरीचा डागबी गेला.

दुश्मनानं लेकरू नेलं. राहिलं होतं ते ह्या शूरांनी माझ्याच हातानं धुवायला लावलं. वर्दी दोरीवर वाळायलीय. आता ती कुणाचीबी वर्दी हाय.